इंधनाशिवाय चाललेला रेणू

माझ्या मशीनला डोळे नाहीत, बोट आहे. हे वाक्य मी आजवर किती पाहुण्यांना ऐकवलंय त्याला गणती नाही, तरी दर वेळी कोणीतरी विचारतंच, "पण याचं भिंग कुठंय?" भिंग नाही हो. एक पट्टी आहे, लांबीला केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि तिच्या टोकाला एक सुई. सुई पाण्याच्या थेंबात बुडते आणि थेंबाच्या तळाशी बसलेल्या रेणूंवर टकटक करत ओळीमागून ओळ सरकते. उंचवटा लागला की वर, खड्डा लागला की खाली. त्यावरून कॉम्प्युटर चित्र काढतो, सेकंदाला दहा. ती चित्रं एकामागून एक पळवली की फिल्म होते. पेशीत जे रेणू राबतात ते प्रत्यक्ष राबताना दिसतात. नाव भलंमोठं आहे, हायस्पीड ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, पण आम्ही नुसतं मशीन म्हणतो.

त्या सुया मी करते आणि मशीनही मीच चालवते. तंत्रज्ञ आहे, एकवीस वर्षं झाली. इथली पोरं मला सुईताई म्हणतात, आणि माझी जीभही त्याच कारखान्यातली आहे असं पाठीमागे म्हणतात. पाठीमागे म्हणतात तेच बरं.

सहा वर्षांपूर्वी या मशीनवर मी एक फिल्म काढली. पेशीत ओझी वाहून नेणारं एक प्रथिन आहे. त्याला दोन पाय असतात आणि ते एका तंतूवर उभं राहतं. ते चालतं असं सगळे म्हणायचे, पण चालताना कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या फिल्ममध्ये ते चाललं. अठरा सेकंदांत अकरा पावलं, डावीकडून उजवीकडे, एखाद्या कामसू माणसासारखं. सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. संशोधनाचा पेपर निघाला, गाजला, आणि खालच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात एक पडदा लागला. त्यावर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तेच प्रथिन चालत असतं.

पेपरवर पाच नावं आहेत. तिसरं माझं. ते सहज पडलं नाही. सर म्हणाले होते, तंत्रज्ञांचे शेवटी आभार मानायची पद्धत आहे. मी म्हटलं, आभार तोंडी माना, नाव वर टाका. दोन आठवडे मशीनच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली आणि मी आजारी राहिले. मग नाव पडलं. शाळेनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा केलेली बाई, मागेपुढे सगळे डॉक्टर. माझं नाव असं छापून आलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. आईने तर कहरच केला. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की ती फोन काढते आणि म्हणते, "थांबा, माझ्या लेकीने एकाला चालताना पकडलाय." लोकांना वाटतं मी पोलिसात आहे.

तर असं ते नाव. आणि ते पुसायची वेळ आणली जिराफने.

जिराफ म्हणजे आमची पीएचडीची मुलगी. उंची एवढी की मशीनवर वाकली की पाठीची कमान होते. जिराफ म्हटलं की ओ देते, राग मानत नाही. एका समितीची भेट नऊ दिवसांवर, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होती. नव्या इमारतीला मंजुरी द्यायची की नाही हे ती समिती ठरवणार होती, आणि सरांना मशीनवर ते प्रथिन चालताना दाखवायचं होतं. जिराफ सराव करत होती. दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवू."

"आज मी इंधन घालायलाच विसरले."

हे प्रथिन फुकट चालत नाही. थेंबात एका छोट्या रेणूचं इंधन घालावं लागतं, तेव्हा ते पाऊल उचलतं. इंधन नसेल तर टाकी रिकामी असलेल्या गाडीसारखं जागच्या जागी उभं राहतं.

"मग त्यात विचारायचं काय? धुऊन टाक, नवीन थेंब घे."

"पण ताई," ती म्हणाली, "तो तरीही चालला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझी भांडी नीट धुतलेली नाहीत, कालचं इंधन कुठेतरी राहिलंय, हात अजून बसला नाही आणि शंका मात्र मोठमोठ्या, असं मी बरंच काही बोलले. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "तीनदा केलं. तिन्ही वेळा प्रथिनाची नवी कुपी फोडली."

"सरक."

मी खुर्चीवर बसले. अभ्रकाच्या चकतीवर चिकटपट्टी लावली आणि वरचा पापुद्रा ओढून काढला. खालचा नवा पृष्ठभाग इतका सपाट असतो की त्यावर रेणूलाही अडखळायला काही नसतं. थेंब मी घातला, तंतू मी पसरले, प्रथिन मी सोडलं. इंधनाची कुपी खोलीतच ठेवू दिली नाही. सुई टेकवली आणि पडद्याकडे बघत राहिले.

चाललं. डावीकडून उजवीकडे, पाऊल पुढे पाऊल. व्हरांड्यातल्या पडद्यावर सहा वर्षं चालतंय अगदी तसंच.

मी मशीन थांबवलं नाही. आमची सुई जाताना टकटक करत जाते आणि परतताना वर उचललेली असते. म्हणजे रेणूला ती एकाच बाजूने लागते. ती बाजू बदलायचं एक बटण आहे. बटण रोज डोळ्यांसमोर असतं, पण ते दाबलं की चित्र उलटं येतं म्हणून मी पोरांना तंबी दिली होती की त्याला हात लावायचा नाही. सुई नेहमी डावीकडून उजवीकडे, तंतू नेहमी आडवा. घरची शिस्त म्हणतात ना, तशी ही माझी शिस्त. आज मी ते दाबलं.

प्रथिन दोन क्षण थबकलं आणि उजवीकडून डावीकडे चालायला लागलं.

मग मी सुईचा दाब कमी केला, एकदम हलका, नुसता स्पर्श होईल इतका. चित्र पुसट झालं. पुसट चित्रात ते प्रथिन तंतूवर जिथल्या तिथे उभं होतं. दाब वाढवला, चाललं. कमी केला, थांबलं. ते चालत नव्हतं, मी ढकलत होते.

"पण ताई, पेपरात इंधनाशिवायचा प्रयोग आहे की. त्यात ते उभंच राहिलं होतं," जिराफ म्हणाली. मला वाचवायला बघत होती बिचारी.

तो प्रयोगही मीच केला होता. मी कपाटातून तेव्हाची वही काढली. मशीनवर बसलं की त्या दिवसाचं सगळं वहीत लिहायचं ही माझीच सवय. इंधनाशिवायच्या प्रयोगाच्या पानावर होतं: सुई नवी, दाब हलका. आणि त्याआधी दोन दिवसांच्या, फिल्मच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: सुई जुनी. चित्र पुसट. सर मागे उभे, म्हणाले अजून स्पष्ट हवं. दाब वाढवला. मस्त आलं! उद्गारचिन्हासकट लिहिलं होतं बयेने.

दोन प्रयोग, दोन सुया, दोन दाब, आणि आम्ही पाचही जणांनी ते शेजारी शेजारी ठेवून त्यावर पेपर लिहिला. स्पष्ट दिसावं म्हणून मी दाबलं आणि दाबलं म्हणून ते हललं. असली चूक रस्त्यावरचा माणूस करूच शकत नाही. त्यासाठी हात फार चांगला असावा लागतो आणि मागे कोणीतरी खूश होणारं उभं असावं लागतं. मला रडू आलं. दुःखाने नाही, रागाने. कोणावर काढावा हे कळेना असा राग फार वाईट असतो. जिराफने तिचा रुमाल दिला, मी तो घेतला नाही, मग घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच हवं. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी तीन रात्री ते दवाखान्यात बसले होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि जिराफला. पकडलं तिनेच."

"तिच्या नमुन्यात भेसळ असेल."

"मी स्वतः करून पाहिलं."

"बरं. गुरुवारनंतर बघू."

"गुरुवारी तर मंजुरी मिळेल."

"म्हणूनच गुरुवारनंतर." ते उठून खिडकीपाशी गेले. "अकरा वर्षं मी या इमारतीसाठी खेटे घालतोय. या मुलांना बसायला जागा नाही. तळघरात पाणी येतं. एका पुसट चित्रावरून तुम्ही सगळं घालवणार?"

"पुसट चित्रावरून नाही सर, स्पष्ट चित्रावरून. पुसट होतं तेच खरं होतं."

ते वळले. आवाज चढला नाही, पण कडक झाला. "हे बघा. तुम्ही तंत्रज्ञ आहात, उत्तम आहात. पण रेणू का हलतो याचा निष्कर्ष काढणं तुमचं काम नाही. त्याला शिक्षण लागतं."

"आणि चूक करायला? त्यालाही लागतं का?" मी म्हटलं. "कारण ती मी शिक्षणाशिवायच केली."

ते परत खुर्चीत येऊन बसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्यावर मी काही येऊ देणार नाही. उद्या गरज पडलीच तर सांगता येईल की मुलगी नवी आहे, तिचा हात बसलेला नाही, हे नवे आकडे तिचे आहेत. तुमचं नाव कुठेही येणार नाही. आणि गुरुवारी तिला सुट्टी द्या."

जिराफच्या पीएचडीची मुदतवाढ त्याच महिन्यात सरांच्या सहीने व्हायची होती. म्हणजे खरं बोलली म्हणून ती घरी, आणि चूक केली म्हणून मी नामानिराळी. मी वही उचलली. दार लावताना ते जरा जोरातच लागलं, त्याला माझा इलाज नाही.

घरी आम्ही तिघी राहतो. मी, आई आणि मावशी. आई अठ्ठ्याहत्तर, मावशी चौऱ्याहत्तर, आणि दोघींचं पटत नाही म्हणून दोघी एकमेकींना सोडत नाहीत. संध्याकाळी जेवताना मी सांगितलं. इंधन, सुई, ढकलणं, सगळं. आईने घास ताटात ठेवला.

"म्हणजे तो चालत नाही?"

"माहीत नाही. मी ढकलत होते एवढं माहीत आहे."

"आणि हे तू जगाला ओरडून सांगणार?"

"सांगणार."

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची! सहा वर्षं मी साऱ्या बिल्डिंगला दाखवलाय तो. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना दोनदा. आता काय सांगू, माझ्या लेकीने ढकलला म्हणून?"

"हो. अगदी तेच सांग."

"तुझं नाव जाईल."

"माझं आहे, माझं मी बघीन."

"नाव कमवायला तुला पंधरा वर्षं लागली," आई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला फिल्मचं पडलेलं नव्हतं. दादाला शिकवलं आणि मला डिप्लोम्यावर थांबवलं, हे तिला अजून टोचतं. त्या तिसऱ्या नावाने ते टोचणं जरा कमी केलं होतं. ते कळत असूनही मी माघार घेतली नाही, आणि तिला जवळही घेतलं नाही. त्या वेळी जवळ घेतलं असतं तर मी विरघळले असते.

मावशी इतका वेळ निमूट जेवत होती. ती चाळीस वर्षं नर्स होती. पाणी पिऊन म्हणाली, "एकदा मी चुकीच्या खाटेवर इंजेक्शन दिलं होतं."

"हे तू कधी बोलली नाहीस," आई म्हणाली.

"तुला कशाला बोलू? डॉक्टरला बोलले. पाच मिनिटांत. शिव्या खाल्ल्या, पेशंट वाचला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझी तर पाच मिनिटं कधीच होऊन गेली. आता रडत काय बसलीस, वाढ मला."

गुरुवारी मी जिराफला बोलावून घेतलं. सुट्टी सुट्टीच्या दिवशी घ्यायची असते, असं तिला सांगितलं. ती आली, पांढरीफटक पडलेली. मी तिला मशीनच्या उजव्या बाजूला उभं केलं, जिथे सगळ्यांना दिसेल. एवढी उंच पोरगी दिसणारच म्हणा.

समितीत पाच जण होते. अध्यक्षबाई निवृत्त सर्जन. बारीक, पांढरे केस कापलेले, प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहणाऱ्या. सरांनी त्यांना व्हरांड्यातली फिल्म दाखवली, इमारतीचे नकाशे दाखवले, आणि मग सगळे मशीनच्या खोलीत आले. खोली लहान, त्यात कंप नको म्हणून मशीन जड दगडी टेबलावर. सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. जिराफला पाहून सरांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी ती घेतली आणि बाजूला ठेवली.

"आत्ता, आमच्यासमोर दाखवता येईल?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खरं तर मशीन फार नाजूक असतं," सर लगेच म्हणाले. "इतकी माणसं खोलीत असली की पावलांचेही हादरे बसतात. आपण आधी काढलेली फिल्मच मोठ्या पडद्यावर..."

"आज मशीन झकास आहे," मी म्हटलं.

मी खुर्ची ओढून बसले. थेंब तयार होता, सुई मी सकाळीच बसवली होती. मुद्दाम जुनी. ट्रेमधली एक छोटी कुपी उचलून मी अध्यक्षबाईंच्या हातात दिली.

"हे काय?"

"याचं पेट्रोल. हे घातल्याशिवाय ते प्रथिन पाऊल उचलत नाही, असं आमच्या पेपरात आहे. बूच बघून घ्या, सील आहे ना?"

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "आहे."

"मग ती तुमच्याच हातात राहू दे."

"मॅडम," सर मला म्हणाले. एकवीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. "मॅडम, हे आज नको."

"आजच, सर."

मी सुई टेकवली. पडद्यावर आडवा तंतू आला, मग त्यावर ते दोन पायांचं प्रथिन. मी दाब वाढवला. ते चालायला लागलं. एक पाऊल, दुसरं, तिसरं. समितीतला एक जण चक्क "वा!" म्हणाला. अध्यक्षबाई मात्र पडद्याकडे नाही, हातातल्या कुपीकडे बघत होत्या.

"पेट्रोल तर माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "मग हे कोण चालवतंय?"

"मी."

मी बटण दाबलं, प्रथिन उलट चालायला लागलं. दाब हलका केला, थांबलं. पुन्हा दाबलं, चाललं. तीनदा करून दाखवलं, एखाद्या हट्टी पोराला पाढा शिकवावा तसं. मग वही काढली, फिल्मचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. सुई जुनी, दाब वाढवला, मस्त आलं. उद्गारचिन्हही सांगितलं. सर मागे उभे होते हे मात्र मी वाचलं नाही. ते मला त्यांच्या तोंडून हवं होतं.

"ही चूक कोणाच्या लक्षात आली?"

"हिच्या," मी जिराफकडे बोट केलं. "नऊ दिवसांपूर्वी. मी आधी हिलाच झाडली."

सर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." ते माझ्यासाठी होतं, पण खोली लहान होती, सगळ्यांनी ऐकलं.

"दांडा मी, कबूल," मी म्हटलं. "पण सर, झाड पोकळ होतं."

अध्यक्षबाईंनी कुपी ट्रेमध्ये जपून ठेवली. "मग हे प्रथिन चालतं की नाही?"

मी सरांच्या उत्तराची वाट पाहिली, खरंच पाहिली. मग मीच म्हटलं, "माहीत नाही. सहा वर्षं आम्ही त्याला विचारलंच नाही."

समिती चहा न घेता गेली. इमारतीची फाइल परत कपाटात गेली आणि आठवडाभरात दुसऱ्या दोन प्रयोगशाळांची पत्रं आली. त्यांनी आमच्या फिल्मवर तीन-तीन वर्षं घालवली होती, तेव्हा पत्रांत काय असेल ते सांगायला नको. व्हरांड्यातला पडदा बंद झाला. पोरं जेवायला बसली की मी गेल्यावर गप्प व्हायची. मुदतवाढीच्या कागदावर अध्यक्षबाईंनी परस्पर शिफारस लिहून पाठवली, म्हणून जिराफ तेवढी वाचली. आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मावशीवर ओरडायला तिला साक्षीदार हवा होता म्हणून बोलली.

आणि मी? मला पश्चात्ताप झाला का असं दोघातिघांनी विचारलं. झाला. दाबल्याचा. सांगितल्याचा कणभरही नाही.

तीन आठवड्यांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पेपर मागे घ्यायचं पत्र त्यांनी लिहिलं होतं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्यात होतं की, तांत्रिक विभागातील एका कर्मचाऱ्याच्या हाताळणीतील दोषामुळे सदर निरीक्षण चुकीचे ठरले असून लेखक तो पेपर मागे घेत आहेत.

"नाव मुद्दाम टाकलेलं नाही," सर म्हणाले. आवाज थकलेला होता आणि त्यात खोट नव्हती. "उद्या तुम्हाला दुसरीकडे नोकरी बघावी लागली तर हे आडवं यायला नको."

ते माझ्या भल्याचं बोलत होते, आणि त्यानेच मला जास्त लागलं.

"नाव टाका."

"जगभर वाचतील हे."

"वाचू दे. फिल्म आली तेव्हाही वाचलंच होतं. तेव्हा मी पेपराची तिसरी लेखक होते. चूक सापडल्यावर एक कर्मचारी कशी झाले?"

"तुम्हाला कळत नाहीये, हे पुसता येत नाही नंतर."

"कळतंय म्हणूनच सांगतेय. जे मी केलं ते माझ्या नावावर राहील. चांगलंही, हेही. तुम्ही वाटणी करायची नाही."

सरांनी कीबोर्ड पुढे ओढला, 'एका कर्मचाऱ्याच्या' हे शब्द खोडले आणि एकेका बोटाने माझं पूर्ण नाव टाइप केलं, आडनावासकट.

"झालं?"

"माझं झालं. अजून एक वाक्य राहिलंय. ते तुमचं आहे. मी सांगणार नाही."

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिचं एक चाक करकरत होतं. मी खुर्ची घेतली नाही, उभीच राहिले. शेवटी त्यांनी पुन्हा टाइप करायला सुरुवात केली: चित्र अधिक स्पष्ट करण्याची सूचना प्रमुख संशोधकाची होती, आणि त्यानंतर वाढवलेल्या दाबाची नोंद त्यांनी तपासली नाही. मग त्यापुढे स्वतःचं नाव.

प्रिंट निघाली. मी पेन मागितलं आणि त्यांच्याआधी सही केली.